टेकलेला गुडघा

हे पुस्तक गुडघ्यांविषयी आहे, पण त्यात तेल, लेप, काढा किंवा वाटी बदलण्याची शस्त्रक्रिया यांबद्दल अवाक्षरही नाही. त्या आशेने कुणी ते हाती घेतलं असेल, तर पहिल्याच पानावर त्याची क्षमा मागून टाकतो. इथला विषय आहे गुडघा टेकण्याचा: देवापुढे, राजापुढे, थडग्यापुढे, कधी एखाद्या विचारापुढे. आपल्याकडे गुडघ्याला तशी प्रतिष्ठा कमीच. मठ्ठ माणसाचा मेंदू तिथे असतो, उतावळा नवरा बाशिंग तिथे बांधतो आणि हरलेला क्रिकेट संघ दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तेच टेकतो. श्रद्धेच्या बाबतीत तर मराठी माणूस गुडघ्यावर थांबतच नाही. तो पायांवर डोकं ठेवतो, दंडवत घालतो, लोटांगण घेतो. साष्टांग नमस्काराच्या आठ अंगांत आणि पंचांग नमस्काराच्या पाचांत गुडघे मोजलेले आहेत खरे, पण ते वाटेतलं स्टेशन. गाडी तिथून जाते, उतरत कुणी नाही.

इतरत्र माणसं याच स्टेशनावर शतकानुशतकं मुक्काम करून आहेत.

रोममध्ये लॅटरनच्या बॅसिलिकासमोर ‘स्काला सांता’ नावाचा जिना आहे. संगमरवराच्या २८ पायऱ्या. येशूला पिलातापुढे नेलं तेव्हा तो याच पायऱ्या चढला आणि पुढे सम्राट कॉन्स्टंटाइनच्या आईने, हेलेनाने, त्या जेरुसलेमहून आणवल्या, अशी श्रद्धा आहे. हा जिना पावलांनी चढायचा नाही, गुडघ्यांनी चढायचा. इतकी माणसं चढली की दगड झिजत चालला, म्हणून १७२३ मध्ये पोप तेरावे इनोसंट यांच्या आज्ञेने पायऱ्यांवर लाकडी फळ्या बसवल्या गेल्या. ११ एप्रिल २०१९ रोजी, जीर्णोद्धारानंतर, त्या फळ्या काढून मूळ दगड सुमारे दोन महिने भाविकांसाठी उघडा ठेवला. तेव्हाचे फोटो जरूर पाहावेत. पायऱ्यांना खोलगट चर पडले आहेत, कडा गोलावून खाली घसरल्या आहेत. पायरी कुठे संपते आणि चर कुठे सुरू होतो ते सांगता येऊ नये. एक गुडघा वरच्या पायरीवर नेताना मागच्या पायाची बोटं खालच्या दगडात रेटावी लागतात. तो रेटा पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी बसत राहिला. प्रार्थनेचं वजन किती, असं कुणी विचारलं तर हा दगड दाखवता येईल.

योगायोग असा, की त्याच दिवशी तिथून फार लांब नसलेल्या व्हॅटिकनमध्ये पोप फ्रान्सिस यांनी दक्षिण सुदानच्या नेत्यांपुढे गुडघे टेकले. राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि त्यांचे प्रतिस्पर्धी रिएक माचार यांच्या लोकांनी एकमेकांची माणसं मारली होती. ८२ वर्षांच्या पोपनी शांततेची विनवणी करत या दोघांच्या आणि सोबतच्या इतर नेत्यांच्या बुटांचं चुंबन घेतलं. खाली वाकताना आणि उठताना त्यांना आधार द्यावा लागत होता. तीन वर्षांनी गुडघ्याच्याच दुखण्याने त्यांना चाकाची खुर्ची धरायला लावली.

या दोन घटना मी शेजारी ठेवल्या, कारण दोन्हींत गुडघा टेकलेला असला तरी त्या एक नाहीत. जिन्यावरचा भाविक स्वतःहून मोठ्या असलेल्यापुढे वाकतो. पोप मात्र ज्यांच्यापुढे वाकले, ते दोघे त्या खोलीत त्यांच्याहून मोठे नव्हतेच. म्हणजे गुडघा टेकणारा लहान आणि समोरचा मोठा हे जे सरळ गणित आपण धरून चालतो, ते मोडतं. मग गुडघ्याला आदराचा अर्थ येतो कुठून?

वैद्यकाच्या पुस्तकांत याला एक गमतीदार तळटीप आहे. गुडघ्याच्या वाटीसमोर पाण्याची एक लहान पिशवी असते, वाटीच्या जरा खाली आणखी एक. ओणवं होऊन फरशी घासणाऱ्यांची वरची पिशवी सुजते, सरळ पाठीने गुडघ्यांवर उभं राहून प्रार्थना करणाऱ्यांची खालची. जुन्या इंग्रज डॉक्टरांनी पहिल्या दुखण्याला मोलकरणीचा गुडघा म्हटलं आणि दुसऱ्याला पाद्र्याचा. दोन दुखण्यांत अंतर बोटभर, पण दोन माणसांत केवढं. चौथ्या शतकातला चर्चचा इतिहासकार युसेबियस सांगतो, की जेरुसलेमचा याकोब लोकांसाठी इतकी क्षमायाचना करी की त्याचे गुडघे उंटासारखे घट्टे पडून कडक झाले होते. याकोबाचे घट्टे ग्रंथात गेले. फरशी पुसणाऱ्या बाईच्या घट्ट्यांना फार तर आयोडेक्स मिळतं.

कॉन्व्हेंट शाळेत शिकलेल्यांना हा फरक शरीराने ठाऊक असतो. सकाळी चॅपेलमध्ये जे गुडघे प्रार्थनेसाठी टेकायचे, तेच दुपारी गृहपाठ केला नाही म्हणून वर्गाबाहेर व्हरांड्यात टेकायचे. आसन तेच, फरशीही बहुधा तीच. एकात मान, दुसऱ्यात अपमान. तेव्हा टेकलेला गुडघा पाहिला की मी आधी एवढंच विचारतो: या माणसाला उभं राहायची मुभा होती का? होती आणि तरीही तो खाली गेला, तर त्यात श्रद्धा, आदर, पश्चात्ताप, काहीही असू शकेल. नव्हतीच, तर ती नुसती शिस्त आहे, भीती आहे किंवा पोटाचा प्रश्न आहे. ही कसोटी थोडी बाळबोध आहे, पण पुष्कळ ठिकाणी लागू पडते.

ख्रिस्ती धर्माला हा प्रश्न फार लवकर पडला. इ. स. ३२५ च्या नायसियाच्या परिषदेचं नाव येशूच्या देवत्वाच्या वादामुळे सर्वांना माहीत असतं. पण तिचा शेवटचा, विसावा नियम गुडघ्यांविषयी आहे. रविवारी आणि ईस्टरपासून पेंटेकॉस्टपर्यंतच्या दिवसांत कुणी गुडघे टेकू नयेत, प्रार्थना उभ्यानेच करावी. कारण तो पुनरुत्थानाचा काळ. गुडघे पश्चात्तापाचे, उभं राहणं सुटलेल्या माणसाचं. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये हा संकेत अजून आहे. ईस्टरनंतर पहिल्यांदा गुडघे टेकायचे ते पेंटेकॉस्टच्या सांजप्रार्थनेत.

पुढे इंग्लंडात तर गुडघ्यावरून छापखाना अडला. १५५२ चं नवं प्रार्थनापुस्तक छापून होत आलं होतं. त्यात प्रभुभोजनाची भाकर गुडघे टेकून घ्यावी असं म्हटलेलं. कट्टर धर्मसुधारक जॉन नॉक्स भडकला: गुडघे टेकले म्हणजे भाकरीचीच पूजा केली, म्हणजे पुन्हा रोमची मूर्तिपूजा. आर्चबिशप क्रॅनमर हटेना. अखेर राजाच्या मंत्रिमंडळाने ऐन वेळी एक खुलासा पुस्तकात घुसवायला लावला, की हे गुडघे कृतज्ञतेसाठी आणि गोंधळ टाळण्यासाठी आहेत, भाकरीच्या किंवा द्राक्षरसाच्या पूजेसाठी नाहीत. १५५९ मध्ये एलिझाबेथच्या राज्यात तो खुलासा गळाला, १६६२ मध्ये शब्द बदलून परत आला. मधल्या काळात, १६१८ मध्ये, राजा जेम्सने पर्थ इथे स्कॉटिश चर्चच्या गळी पाच कलमं उतरवली, त्यांत हेच गुडघ्यांचं कलम सर्वांत जास्त पेटलं. स्कॉटिश लोक टेबलाभोवती बसून भाकर मोडत. शिष्यांनी येशूबरोबर तशीच खाल्ली होती, असं त्यांचं म्हणणं. राजाच्या हुकमाने टेकलेला गुडघा देवापुढचा की राजापुढचा, हा त्यांचा सवाल आजही मला बिनतोड वाटतो.

आता आपल्याकडे येऊ, कारण एकट्या गुडघ्याचं भारतात काही नाही असा समज वरच्या विनोदामुळे होईल आणि तो खोटा आहे. विष्णूच्या देवळापुढचा गरुड एक गुडघा टेकून, हात जोडून बसलेला असतो. बौद्ध सूत्रांत प्रश्न विचारणारा उजवा गुडघा जमिनीला लावून विचारतो. नमाजातल्या सजद्यात कपाळ, दोन तळहात, दोन गुडघे आणि दोन पावलं अशी सात अंगं जमिनीला लागतात. तमिळनाडूत वेळांकण्णीला वाळूतून गुडघ्यांवर चालत जाणाऱ्यांत मुंबईची आणि गोव्याची माणसं असतात. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत गुडघे दुखतात म्हणून मेणाचा पाय वाहिला जातो. ज्याला टेकता येत नाही, त्याच्या वतीने तो मेणाचा पायच टेकतो म्हणायचं.

पण सर्वांत जुन्या आणि मला सर्वांत प्रिय अशा गुडघ्यांसाठी कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये जावं लागतं. भरहुतच्या स्तूपाच्या कठड्यावरचा, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातला एक खांब तिथे आहे. खाली हत्तींवरून निघालेली राजाची स्वारी, त्यात हत्तींवर बसलेल्या स्त्रिया. मग राजा हत्तीवरून उतरलेला. आणि वर तोच राजा गुडघे टेकून, हात जोडून. समोर बुद्ध नाही. त्या काळी बुद्धाची मूर्ती घडवत नसत. आहे ते रिकामं आसन आणि पावलांच्या खुणा. शेजारी ब्राह्मी अक्षरांत कोरलंय, की अजातशत्रू भगवंताला वंदन करतो.

अजातशत्रू म्हणजे बापाला, बिंबिसाराला, मारून मगधाच्या गादीवर बसलेला राजा. पाली ग्रंथांतल्या कथेनुसार पौर्णिमेच्या रात्री त्याला झोप येईना. जीवक वैद्य त्याला आपल्या आंबराईत, बुद्धाकडे घेऊन गेला. शेकडो भिक्षू तिथे असून खोकल्याचाही आवाज नाही, तेव्हा राजाच्या अंगावर काटा आला. त्याला वाटलं, दगा आहे, मला शत्रूच्या हाती देतायत. ज्याने बापाला मारलं, त्याला शांततेचीही भीती वाटणारच. त्याने उपदेश ऐकला, खुनाची कबुली दिली आणि बुद्धाने ती ऐकून घेतली. पण तो गेल्यावर बुद्ध भिक्षूंना म्हणाला, की याने बापाला मारलं नसतं तर याच बैठकीत याला धर्माची दृष्टी लाभली असती. म्हणजे वंदन स्वीकारलं, हिशेब मात्र मिटवला नाही. शिल्पकाराला हे पुरतं ठाऊक असणार. त्याने राजाला माफ झालेला दाखवलेला नाही, फक्त वाकलेला दाखवला आहे, तोही रिकाम्या आसनापुढे, जिथून काहीच उत्तर येणार नाही.

अजातशत्रू अपराधी होता. दोन हजारांहून अधिक वर्षांनी वॉर्सात गुडघे टेकणारा विली ब्रांट अपराधी नव्हता. ७ डिसेंबर १९७० रोजी पश्चिम जर्मनीच्या या चॅन्सेलरने ज्यूंच्या घेटोतल्या उठावाच्या स्मारकावर पुष्पचक्र ठेवलं, फीत सरळ केली आणि अचानक ओल्या दगडावर दोन्ही गुडघे टेकले. हिटलरच्या राज्यात ब्रांट परागंदा होता, नॉर्वेत राहून नाझींविरुद्ध काम करत होता. त्याला स्वतःला माफी मागण्यासारखं काही नव्हतं. ‘डेर श्पीगेल’ने घेतलेल्या चाचणीत ४८ टक्के पश्चिम जर्मनांना हे अति वाटलं, ४१ टक्क्यांना योग्य वाटलं. पुढच्या वर्षी त्याला शांततेचं नोबेल मिळालं. मला त्या ४८ टक्क्यांविषयी कुतूहल आहे. ब्रांट एकटा वाकला असता तर त्यांना राग आला नसता. त्यांना दिसलं, की तो त्यांच्याही वतीने वाकलाय आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

दरबारातल्या गुडघ्यांचा इतिहास लांबलचक आणि बराचसा कंटाळवाणा आहे. अलेक्झांडरने इराणी पद्धतीचं दंडवत ग्रीकांनाही लावायचा प्रयत्न केला आणि त्याच्याच दरबारातल्या इतिहासकार कॅलिस्थेनिसने ते नाकारलं. अकबराने दरबारात सजदा आणला, मुल्लामौलवींच्या कुरकुरीमुळे तो खासगी बैठकीपुरता ठेवला आणि शहाजहानने गादीवर येताच बंद केला. १७९३ मध्ये ब्रिटिश वकील मॅकार्टनीने चिनी बादशहापुढे नऊदा कपाळ टेकायला नकार दिला. माझ्या राजापुढे टेकतो तसा एक गुडघा टेकीन म्हणाला आणि तेवढ्यावर निभावलं. या सगळ्या कथांत गुडघा हा तहाच्या मसुद्यातल्या कलमासारखा घासाघिशीचा विषय आहे, श्रद्धेचा नाही.

अपवाद करावासा वाटतो तो एका मराठी माणसाचा. १२ डिसेंबर १९११ चा दिल्ली दरबार. पाचवे जॉर्ज आणि राणी मेरी सिंहासनांवर. संस्थानिकांनी एकेक करून पुढे यायचं, ठरल्याप्रमाणे लवून मुजरा करायचा आणि पाठ न दाखवता मागे सरत जायचं. हिऱ्यामाणकांनी लगडलेल्या राजांच्या त्या ओळीत बडोद्याचे सयाजीराव गायकवाड साध्या पांढऱ्या पोशाखात, हातात काठी घेऊन आले. एकदाच, थोडकं वाकले आणि वळून चालू लागले. सम्राटाकडे पाठ! इंग्रजी वर्तमानपत्रांनी राजद्रोहाची ओरड केली. महाराजांना व्हाइसरॉय हार्डिंग यांच्याकडे पत्राने दिलगिरी कळवावी लागली; गोंधळून गेल्यामुळे चूक झाली असं त्यांनी म्हटलं. ते खरोखर गोंधळले होते की नव्हते, यावर अजून वाद घालता येतो. माझं मत विचाराल तर साध्या कपड्यांत यायला गोंधळ पुरत नाही, ते घरूनच ठरवून यावं लागतं. मात्र दिलगिरीचं पत्रही तितकंच खरं आहे. दरबारात टाळलेला नमस्कार टपालाने पाठवावा लागला, एवढी त्या सत्तेची पकड होती. सयाजीराव राजे होते तरी वर सांगितलेली उभं राहायची मुभा त्यांनाही नव्हती.

याच्या उलट टोकाला कॉलिन केपरनिक. २०१६ च्या ऑगस्टमध्ये हा अमेरिकन फुटबॉलपटू राष्ट्रगीताच्या वेळी बसून राहू लागला; कृष्णवर्णीयांवर पोलीस करतात त्या अत्याचारांचा तो निषेध होता. नेट बॉयर नावाच्या माजी सैनिकाशी त्याचं बोलणं झालं. बॉयरने सुचवलं, की बसू नकोस, एक गुडघा टेक. पडलेल्या सोबत्याच्या थडग्यापुढे आम्ही सैनिक तसेच टेकतो. १ सप्टेंबरला सॅन डिएगोत त्याने गुडघा टेकला. म्हणजे विरोधाला आदराचं रूप द्यावं म्हणून ही मुद्रा मुद्दाम निवडली होती, आणि तीच राष्ट्राचा अपमान ठरवली गेली. सगळे उभे असताना वाकणं आणि सगळे वाकत असताना उभं राहणं यांत सत्तेला फारसा फरक दिसत नाही. २५ मे २०२० ला मिनिआपोलिसमध्ये एका पोलिसाने जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर गुडघा दाबून त्याचा जीव घेतला. नंतरच्या मोर्चांत हजारोंनी गुडघे टेकले, तेव्हा केपरनिकची आठवण न काढता कुणालाच राहवलं नाही.

आतापर्यंत मी उभं राहण्याच्या मुभेबद्दल बोलत राहिलो. आपल्या इतिहासात त्याच्या मागचा एक प्रश्न आहे: वाकण्याची तरी मुभा होती का? पंढरपूरच्या विठ्ठलाचं वैशिष्ट्य म्हणजे कुणालाही त्याच्या पायांवर थेट डोकं ठेवता येतं. पण हे ‘कुणालाही’ कालपरवाचं आहे. नामदेवाची पायरी महाद्वारात आहे, कारण संतांचे पाय लागावेत अशी त्याची इच्छा होती; चोखोबाची समाधी त्या पायरीच्या समोर, बाहेर आहे, कारण त्याला आत जाऊच देत नव्हते. एकाचं बाहेर असणं भक्तीचं, दुसऱ्याचं बंदीचं, आणि वारकरी दोघांपुढे सारखेच वाकतात. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये दहा दिवस उपोषण केलं तेव्हा त्या देवळाचं दार दलितांना उघडलं. ज्यांना शतकानुशतकं माणसांपुढे वाकायला लावलं, त्यांना देवापुढे वाकायला मात्र मज्जाव होता.

म्हणूनच लाक्षणिक गुडघ्यांबद्दल या देशात सर्वांत स्वच्छ बोलले ते बाबासाहेब आंबेडकर, हे स्वाभाविक वाटतं. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबियाला गेलेले आणि परत आल्यावर त्याच बडोद्यात राहायला खोली न मिळालेले. १८ जानेवारी १९४३ ला पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांवर बोलताना त्यांनी गांधी आणि जिना यांच्या विभूतिपूजेवर कडक टीका केली; थोर माणसाचा आदर वेगळा आणि त्याच्या पायी आपली बुद्धी वाहणं वेगळं, हे त्यांना नीट दाखवायचं होतं. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनी हाच धागा पुढे नेला. इंग्रज तत्त्वज्ञ मिलचा हवाला देऊन म्हणाले, की कितीही मोठा माणूस असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायांशी ठेवू नये. धर्मातली भक्ती आत्म्याला तारत असेल, राजकारणातली भक्ती अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते.

यावरून एक टोमणा हमखास मारला जातो: मग त्यांच्याच पुतळ्यांपुढे, चैत्यभूमीवर लाखो लोक वाकतात ते काय? या पुस्तकाच्या निमित्ताने झालेल्या चर्चांतही तो आलाच. मला तो टोमणा उथळ वाटतो. आंबेडकरांचा आक्षेप जिवंत सत्ताधाऱ्यापुढे स्वतःचा हक्क सोडून देण्याला होता. ६ डिसेंबरला दादरला येणाऱ्या माणसाकडून चैत्यभूमी काहीच मागत नाही आणि काही हिरावूनही घेत नाही. त्याच्या आजोबाला गावातल्या पाटलापुढे न वाकण्याची सोय नव्हती. याला आहे, आणि ती कुणामुळे मिळाली हे त्याला माहीत आहे. विहारात पंचांग प्रणाम करताना तो जो गुडघा टेकतो, तो भरहुतच्या राजाच्या गुडघ्याच्या वंशातला आहे, दिल्ली दरबारातल्या नाही. अर्थात पुतळ्यांभोवती राजकारण करणारे पुढारी त्या रांगेत फोटोपुरते घुसतात, त्यांचे गुडघे कोणत्या वंशातले ते वाचकाला सांगायची गरज नाही. बाकीची गर्दी दर्शन घेऊन शिवाजी पार्कातल्या पुस्तकांच्या स्टॉलकडे वळते आणि तिथे धक्काबुक्की करत पुस्तकं विकत घेते.